माठातलं पॅरिस

मे महिन्याची दुपार आहे. मूलहून सावलीमार्गे गडचिरोलीला निघालेली तुमची गाडी वैनगंगेच्या पुलाच्या थोडं अलीकडे गरम होऊन बंद पडली आहे. पारा ४५ वर. डांबर चपलेला चिकटतंय. समोरच्या कौलारू घराच्या ओसरीत एक आजी चिंच फोडत बसली आहे. तुम्ही दारात घुटमळता, तशी ती गोणपाट पुढे सरकवते.

"बसा बापू. पानी प्या आधी. इतक्या उनाचं कुठी निंघाले?"

माठातलं पाणी घशाखाली उतरतं आणि तुम्ही तिचे हात बघत बसता. टरफल काढलेला आकडा दगडावर ठेवायचा, लाकडी ठोकणीचा एक बेताचा घाव घालायचा. चिंचोका सुटून बाजूला उडतो, गर जागेवर राहतो. घाव जोरात बसला तर चिंचोका फुटून गरात कच येते. हलका बसला तर तो सुटतच नाही. मग कडेच्या शिरा एका ओढीत निघतात. आजी एक गोळा तुमच्या हातावर ठेवते. तोंडात टाकताच दात आंबतात, डोळे आपोआप मिटतात.

हा आंबटपणा टार्टारिक आम्लाचा. लिंबाचं आम्ल वेगळं. हे द्राक्षाचं आणि चिंचेचं. बहुतेक फळं पिकताना आंबटपणा सोडतात. चिंच सोडत नाही; तिच्यात साखर वाढते, पण आम्ल जवळजवळ तेवढंच राहतं. आणि या आम्लाच्या रेणूला हात असतो.

पायरीशी काढलेल्या तुमच्या चपला आठवा. डावी आणि उजवी. माप एक, चामडं एक, टाके तेवढेच. आरशात एक दुसरीसारखीच दिसते, तरी उजवी चप्पल डाव्या पायात जात नाही. अशा रेणूंना रसायनशास्त्रात कायरल म्हणतात. हातासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं. चिंचेचं झाड फक्त उजव्या चपला शिवतं. डावी एकही नाही.

डोळे उघडता तेव्हा ओसरी गेलेली असते.

तुम्ही चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, परकोटाजवळ, जटपुरा दरवाजाशी उभे आहात. साल १८४८. राज्य नागपूरच्या तिसऱ्या रघूजी भोसल्यांचं आहे. पाच वर्षांनी ते वारतील आणि १८५४ मध्ये इंग्रज हे राज्य खालसा करतील. गडचिरोली नावाचा जिल्हा व्हायला अजून १३४ वर्षं आहेत. झरपटीच्या काठावर बायका काळवंडलेले पितळी गुंड चिंचेच्या चोथ्यानं घासतायत, आणि आम्ल डागावर काम करत असल्यामुळे हाताखालून पिवळा उजेड निघावा तसं पितळ उजळतंय. इथे त्या आम्लाला नाव नाही, पण उपयोग सगळ्यांना माहीत आहे. ऊन हेच. अगदी हेच. ते अंगावर घेऊन ठेवा, पुढे लागेल.

मुठीतला गोळा तुम्ही पुन्हा तोंडात टाकता.

यावेळी अंगावर काटा येतो तो थंडीनं. साल तेच, गाव पॅरिस. इथले लोक याला वसंत म्हणतात. चांद्याहून आलेल्या माणसाला हा माघच. फेब्रुवारीत क्रांती झाली, राजा लुई-फिलिप पळाला. रू द्युल्म या गल्लीतल्या एकोल नॉर्मालच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षांचा एक तरुण टेबलावर वाकलेला आहे. त्याचं नाव लुई पाश्चर. जंतू, लस, पिसाळलेला कुत्रा हे सगळं अजून पुढे आहे. आज त्याच्यासमोर मिठाचे खडे आहेत.

तो कशात अडकलाय ते समजून घ्या. दारूच्या पिंपांत साचणाऱ्या साक्यातून टार्टारिक आम्ल निघतं, हे शेले या रसायनज्ञानं १७६९ मध्येच दाखवलं होतं. ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाश या आम्लाच्या द्रावणातून सोडला, की त्याची दिशा उजवीकडे वळते. पुढे १८२० च्या सुमारास अल्सास प्रांतातल्या थान गावी, केस्टनर यांच्या कारखान्यात, एक जुळं आम्ल हाती लागलं. घटक तेच, प्रमाण तेच, पण प्रकाश जराही वळत नाही. द्राक्षाच्या घडाला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला रेसेमिक नाव पडलं. १८४४ मध्ये जर्मनीच्या मिट्शरलिशनं तर सांगून टाकलं की दोन्ही आम्लांचे सोडियम-अमोनियम क्षार हुबेहूब एकाच आकाराचे स्फटिक देतात. सगळंच एकसारखं, तर प्रकाश एकाला मानतो आणि दुसऱ्याला नाही, असं कसं?

पाश्चरच्या खांद्यावरून वाकून बघा. खडे काचेसारखे स्वच्छ आहेत. एक खडा चिमट्यात धरून तो उजेडाकडे नेतो. कडेला एक बारीक तिरपा छाट दिसतो, सुतारानं रंध्याचा एकच हात फिरवावा तेवढा. हा उजवीकडे. दुसरा खडा उचलतो: छाट उजवीकडे. तिसरा: डावीकडे. चौथा पुन्हा उजवीकडे. एकाच भांड्यात, एकाच द्रावणातून, दोन हातांचे खडे बसले आहेत. मिट्शरलिशच्या नजरेतून निसटलं ते एवढंच.

मग तो निवडायला बसतो. आजी सुपातले तांदूळ निवडते त्याच सवयीनं: इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. दोन राशी होतात. उजव्या राशीचं पाणी करून उपकरणात बघतो, तर प्रकाश उजवीकडे वळतो. डाव्या राशीचं पाणी तेवढाच डावीकडे वळवतं. दोन्ही सारखी घेऊन मिसळली तर शून्य. तो प्रयोगशाळेबाहेर धावतो आणि व्हरांड्यात भेटलेल्या सहकाऱ्याला मिठी मारतो. तुम्ही बाजूला सरता.

जुन्या लोकांना असं सहज पटत नसतं. कोलेज द फ्रान्समध्ये ज्याँ-बातिस्त बिओ आहेत, वय ७४, प्रकाशाच्या या वळण्यावर ज्यांची हयात गेली. ते पाश्चरला समोर उभं करतात. रेसेमिक आम्ल त्यांचं, सोडा त्यांचा, अमोनियाही त्यांचाच. द्रावण स्वतःच्या ताब्यात ठेवून घेतात आणि संथपणे सुकू देतात. खडे बसल्यावर पाश्चरला बोलावून त्यांच्यादेखत निवडायला लावतात. नंतरचं काम स्वतः करतात, आणि आधी हात घालतात तो डाव्या राशीला, कारण नवल असेल तर तिच्यात. नळीतून एकदा बघतात. मोजायचीही गरज पडत नाही. म्हाताऱ्याचा हात पाश्चरच्या दंडावर जातो आणि आवाज भरून येतो.

तुमच्या मनात मात्र एक खडा टोचत असतो. या खोलीत ऊन असतं तर?

निघताना तुम्ही दोन काचेच्या कुप्या मागून घेता. दोन्हींत तेच द्रावण: रेसेमिक आम्ल, अर्धं सोड्यानं आणि अर्धं अमोनियानं शांत केलेलं. एक घट्ट, एक जरा पातळ. खिशात चिंच आहेच.

चांदा, मे महिना, पुन्हा तेच ऊन. घट्ट द्रावण तुम्ही पसरट वाडग्यात ओतून सावलीत ठेवता. सावलीतही ४० आहे. संध्याकाळपर्यंत खडे येतात. तुम्ही अधीर होऊन भिंग लावता, एक उचलता, दुसरा, दहावा. तो तिरपा छाट कुठेच नाही. सगळे खडे एकाच तोंडवळ्याचे. पाण्यात विरघळवून बघावं तर प्रकाश ढिम्म. बिओ शेजारी असते तर त्यांनी त्या पोराला घरी पाठवलं असतं.

चूक तुमच्या हाताची झाली नाही. हे मीठच दुसरं आहे.

पुन्हा चपलांकडे या. दुकानदाराकडे पाचशे डाव्या आणि पाचशे उजव्या आल्या, तर ठेवायच्या तऱ्हा दोन. डाव्यांची एक थप्पी आणि उजव्यांची दुसरी, किंवा प्रत्येक खोक्यात एक डावी आणि एक उजवी. पाश्चरच्या भांड्यात थप्प्या लागल्या होत्या. प्रत्येक खडा अथपासून इतिपर्यंत एकाच हाताचा होता. तुमच्या वाडग्यात खोकी भरली गेली. प्रत्येक खड्याच्या पोटात डावा आणि उजवा जोडीनं बसलाय, त्यामुळे हातांनी निवडायला बाहेर काही उरलेलंच नाही. निसर्गाला खोकी जास्त आवडतात. डाव्या-उजव्या मिश्रणांपैकी आपणहून थप्प्या लावणारी शंभरात साधारण पाच ते दहाच निघतात. पाश्चरला त्यांतलं एक मिळालं, आणि तेही थंडीच्या बाजूला. खोक्यांतलं हे मीठ पुढे नेपल्सच्या आर्कांजेलो स्काकींनी वर्णन केलं. आजही त्याला स्काकीचं मीठच म्हणतात.

सीमा कुठे आहे हे विचारायला आणखी चाळीसेक वर्षं पुढे, ॲमस्टरडॅमला जावं लागतं. चिंच चावा. तिथे याकोबस व्हान्ट हॉफ आणि व्हान डेव्हेंटर हेच मीठ घेऊन बसलेत. याच व्हान्ट हॉफना १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळणार आहे. डाव्या आणि उजव्या खड्यांची पूड सारखी घेऊन ते ती हळूहळू तापवतात. २५ अंशांना काही नाही. २६ ला काही नाही. २७ ओलांडले की कोरडी पूड ओलसर होऊ लागते. वरून एक थेंब पाणी घातलेलं नाही.

ते पाणी खड्यांच्या पोटातलं. थप्पीतला प्रत्येक रेणू स्वतःबरोबर पाण्याचे चार रेणू बाळगून असतो. पाण्याशिवाय ती रचना उभीच राहत नाही. खोक्यातल्या रेणूला एकच पुरतं. २७ च्या वर डावा-उजवा जोडी करतात आणि दोघांत मिळून पाण्याचे सहा रेणू सोडून देतात. तेच बाहेर येऊन पूड भिजवतं. खाली थंडीत पाण्याला धरून बसलेली वेगळी घरं, वर उन्हात पाणी टाकून केलेली जोडी. पॅरिसचा वसंत या रेघेच्या खाली पडतो. चांद्याचा मे वर, आणि तोही चांगलाच.

म्हणून शोधाच्या कहाणीत गावाचं हवामानही धरायला हवं. पाश्चरची नजर तीक्ष्ण होती यात शंका नाही. पण नजरेला दिसण्याजोगं काही त्या भांड्यात बसलं, ते खोलीच्या थंडीमुळे.

आता चिंच थोडीच उरली आहे. एक लहान तुकडा खर्च करून वडशाला उतरा, गेल्या शतकाच्या मध्यावर. धानाची कापणी आटपली आहे, बांध्या मोकळ्या पडल्यात आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झालाय. रात्रीची थंडी, पटावर बसून घोंगड्या पांघरलेले प्रेक्षक, आणि मंडपाच्या कडेला रेकॉर्ड वाजवणारा लाउडस्पीकरवाला. त्या काळात स्वस्त माइक आणि रेकॉर्डच्या सुईमागचा तुकडा जगभर एका मिठाचा असे: रोशेल मीठ. म्हणजे हेच उजवं टार्टारिक आम्ल, एका बाजूला सोडियम, दुसऱ्या बाजूला पोटॅशियम. १७व्या शतकात फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या सेनेत नावाच्या औषधविक्यानं ते जुलाबाचं औषध म्हणून केलं. क्युरी बंधूंना १८८० मध्ये दिसलं की हा स्फटिक दाबला की वीज देतो. सुई थरथरते, स्फटिक दबतो, विजेचं गाणं होतं. असं दाबण्यातून वीज द्यायची तर स्फटिकाची रचना लंगडी असावी लागते. हात असलेल्या रेणूच्या स्फटिकाला ते लंगडेपण जन्मजात मिळतं. त्यात आरशासारखे दोन अर्धे करताच येत नाहीत.

हे मीठही उन्हाला भितं. २४ अंशांच्या वर त्याची आतली ठेवण बदलते. हवा फार कोरडी झाली तर त्याच्या पोटातलं पाणी उडून अंगावर पांढरी पूड येते, फार दमट झाली तर ते पाघळतं. ५५ अंशांच्या आसपास तर कायमचं बिघडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या बैलगाडीतली पत्र्याची पेटी तिथवर सहज जाते. पौषातल्या रात्री गाणारा तुकडा वैशाखात मुका. नंतर त्याची जागा मातीच्या भांड्यासारख्या भाजलेल्या स्फटिकांनी घेतली, तेव्हा ही कटकट मिटली.

शेवटून दुसरा घास. तुम्ही ओसरीत परत येता.

खुंटीला एक पिशवी लटकते आहे. आजीची सून गावची आशाताई, म्हणजे आरोग्य-स्वयंसेविका आहे. पूल ओलांडला की मलेरियाचा जिल्हा, त्यामुळे पिशवीत तपासणीच्या पट्ट्या आणि गोळ्या असायच्याच. त्यांतलं क्लोरोक्विन डाव्या-उजव्याचं सारखं मिश्रण असतं, कारखान्यातून आलेलं. आर्टेसुनेटचा उगम एका वनस्पतीत आहे, म्हणून ते चिंचेसारखं एकाच हाताचं. झाड हात निवडतं. भट्टी निवडत नाही. पाश्चरनंच १८५३ मध्ये दाखवलं होतं की सिंकोनाच्या सालीतल्या सिंकोनीनशी बांधलेलं टार्टारिक आम्ल १७० अंशांना तापवलं, की उजव्यातून रेसेमिक तयार होतं. हिवतापावरचं क्विनीन येतं तेही सिंकोनाच्याच सालीतून.

"गोळ्या कोठीतल्या खालच्या फळीवर ठेवतो," सून सांगते. "पत्र्याखाली न्हाई ठेवत. ३० च्या खाली ठेवा म्हणून लिवलं असते ना."

तिनं लेबलावरून जे जपलं ते कारखान्यांना महाग पडून शिकावं लागलं. एचआयव्हीवरचं रिटोनाविर १९९६ मध्ये बाजारात आलं. दोन वर्षांनी त्याच औषधाचा एक नवाच स्फटिक उत्पादनात उगवला, जास्त स्थिर आणि म्हणूनच पाण्यात कमी विरघळणारा. रेणू तोच, त्याचा हात तोच, फक्त रचून बसण्याची तऱ्हा वेगळी. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. गोळी कोरडी, घट्ट, निश्चल दिसते म्हणून ती ठरलेली आहे असं आपण धरून चालतो. तिचं ठरलेलं असतं ते तेवढ्या परिस्थितीपुरतं.

तुमच्या खिशात दुसरी कुपी अजून शाबूत आहे, पातळ द्रावणाची. आणि समोर तिवईवर माठ आहे.

माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडतं, उडताना मागे राहिलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं हे जोरात चालतं. हवा ४५ अंशांना आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला पारा २४ च्या आसपास उतरू शकतो. २४! चांद्याच्या मे महिन्यात रेघेच्या खाली असलेली एक जागा आहे, आणि ती कुंभारानं घडवलेली आहे.

तुम्ही कुपी माठात सोडायला जाता, तोच आजी हात धरते.

"प्याच्या पान्यात नोका टाकू काई. तो जुना घ्या, पाझरते म्हनून ठेवला बाजूला."

फार पाझरतो म्हणून टाकून दिलेला माठ. तुम्हाला यापेक्षा चांगला मिळाला नसता. त्यात पाणी भरून कुपी बूच घट्ट लावून आत ठेवता, वर ओलं फडकं, आणि माठ खिडकीत, वाऱ्याच्या तोंडावर. द्रावण पातळ आहे हे बरं. २७ च्या वर असेतोवर त्यातून काहीच खाली बसणार नाही, म्हणजे खोक्यांना संधी नाही. गाडीचा पट्टा उद्या येणार असतो. रात्री तुम्ही अंगणात बाजेवर पडता. गरम वारा वाहत राहतो आणि माठ आपलं पाणी थोडं थोडं देत राहतो.

पहाटे कुपीच्या तळाशी काहीतरी चमकतं. सुपावर कागद अंथरून तुम्ही खडे काढता, टिपून घेता. आजी चष्मा लावून जवळ बसते. तिला छाट दाखवता. ती एक उचलते, फिरवते, दुसरा उचलते.

"हा इकडं वाकला, हा तिकडं."

तिला तेवढं पुरतं. तुम्ही दोघं निवडायला बसता. चिंचोके उडवणारी बोटं तुमच्या दुप्पट वेगानं चालतात, आणि तासाभरात दोन चिमूटभर राशी होतात. तुम्ही सवयीनं दोन्ही एकाच तळहातावर घ्यायला जाता आणि थांबता. तळहात तेहतीस-चौतीस अंशांचा असतो, रेघेच्या वर. एकेकटे ते ही ऊब सोसतात. उजव्याला डावा भेटल्याशिवाय खोकं भरत नाही. एकत्र चुरून धरले, तर जोडीला लागून आपलं पाणी तुमच्या मुठीत सोडू लागतील.

म्हणून उजवे उजव्या हातात घेता, डावे डाव्या हातात. आजीनं दिलेला शेवटचा गोळा तुमच्या दाताखाली असतो. बाहेर गाडीवाला हाक मारतो, आणि दोन्ही हात भरलेले असल्यामुळे तुम्हाला आजीला नमस्कारसुद्धा करता येत नाही.